वर्गात परतू न शकलेले प्राध्यापक साईबाबा

१२ ऑक्टोबर २०२४. अशोक विजयादशमीचा दिवस. नागपूरच्या दीक्षाभूमीवर निळ्या झेंड्यांखाली भीमसागर उसळला होता. त्याच रात्री हैदराबादच्या निम्स रुग्णालयात प्रा. जी. एन. साईबाबा यांची प्राणज्योत मालवली. पित्ताशयावरील शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली आणि वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षी हा इंग्रजीचा प्राध्यापक आपल्यातून निघून गेला. दीक्षाभूमीच्याच शहरातील मध्यवर्ती कारागृहात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली होती. निर्दोष ठरून ते बाहेर आले ७ मार्च २०२४ रोजी. म्हणजे शिक्षा झाल्यापासून सात वर्षांची कैद, आणि सुटकेनंतर सात महिन्यांचे आयुष्य! हा हिशोब कोणत्या न्यायाच्या वहीत मांडायचा?

वाचकहो, कोणी विचारील की दिल्लीच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या, आंध्रात जन्मलेल्या माणसाचे स्मरण चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांपुढे कशासाठी? त्याचे उत्तर सरळ आहे. या प्राध्यापकाचा खटला चालला तो गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात. त्यांच्यासोबत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते ते आपल्या एटापल्ली तालुक्यातील मुरेवाडा गावचे दोन आदिवासी तरुण, महेश तिरकी आणि पांडू नरोटे. त्यातला पांडू तर जिवंत घरी आलाच नाही. साईबाबांचे नाव देशभर पोहोचले, जगात पोहोचले. पांडू नरोटेचे नाव मात्र आपल्याच जिल्ह्यात किती जणांना ठाऊक आहे? म्हणून प्राध्यापकांना अभिवादन करताना पांडूला वगळता येत नाही. दोघांची कहाणी एकत्र वाचली, तरच तिचा अर्थ लागतो.

प्रा. गोकरकोंडा नागा साईबाबा यांचा जन्म १९६७ सालचा, गोदावरीच्या खोऱ्यातील अमलापुरमचा. गरीब शेतकऱ्याचे घर. लहानपणीच पोलिओने दोन्ही पाय निकामी केले. सरकारी कागदावर ९० टक्के अपंगत्व. अशा मुलाने चार भिंतींच्या आत बसून राहावे, अशीच समाजाची अपेक्षा असते. पण हा मुलगा शिकला. गावात शिकला, मग हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात एम. ए. झाला आणि २००३ साली दिल्ली विद्यापीठाच्या रामलाल आनंद महाविद्यालयात इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. चाकाच्या खुर्चीत बसून वर्ग घेत घेत २०१३ साली त्यांनी दिल्ली विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. शिक्षण हे आमच्या लोकांसाठी मिरवण्याचे भूषण नव्हे, ते उभे राहण्याचे बळ आहे, हे बाबासाहेबांनी आम्हाला शिकवले. ज्याला पायावर उभेच राहता येत नव्हते, त्या माणसाने शिक्षणाच्या बळावर उभे राहून दाखवले.

या अमलापुरमचे आणि आपले आणखी एक नाते आहे. २०२२ साली आंध्र प्रदेश सरकारने तेथील नव्या कोनसीमा जिल्ह्याला डॉ. बी. आर. आंबेडकर यांचे नाव देण्याचे ठरवले. त्याविरुद्ध २४ मे २०२२ रोजी अमलापुरममध्ये जमाव रस्त्यावर उतरला, जाळपोळ झाली, मंत्र्याचे घर पेटवण्यात आले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी ज्यांनी घरे जळताना पाहिली, त्या वाचकांना हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही. शेवटी नाव टिकले. पण ज्या महिन्यात साईबाबांच्या जन्मगावी बाबासाहेबांच्या नावावरून आगी लावल्या जात होत्या, त्याच महिन्यात नागपूरच्या तुरुंगातील अंडा सेलमध्ये साईबाबा उपोषणाला बसले होते. त्यांच्या कोठडीवर कॅमेरा अशा रीतीने रोखलेला होता की शौच आणि आंघोळसुद्धा खासगी राहत नव्हती, अशी त्यांच्या कुटुंबाची तक्रार होती. प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क कैद्यालाही असतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आता खटल्याकडे वळू. मध्य भारतातील जंगलपट्ट्यात २००९ नंतर जी मोहीम 'ऑपरेशन ग्रीन हंट' या नावाने ओळखली गेली, तिच्याविरुद्ध साईबाबा दिल्लीत सभा घेत होते, लिहीत होते, बोलत होते. खनिजासाठी आदिवासींना जंगलातून हुसकावले जात आहे, असे ते सांगत. आपल्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा विषय दूरचा वाटणार नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये अहेरी परिसरातून महेश तिरकी, पांडू नरोटे आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विद्यार्थी हेम मिश्रा यांना अटक झाली. पुढे पत्रकार प्रशांत राही आणि विजय तिरकी यांची नावे आली. सप्टेंबर २०१३ मध्ये साईबाबांच्या दिल्लीतील घराची झडती झाली आणि ९ मे २०१४ रोजी महाविद्यालयातून घरी परतत असताना त्यांना वाटेतच उचलण्यात आले. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध, देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचा कट, बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा म्हणजेच युएपीए, असे आरोप लागले. साईबाबांनी ते आरोप शेवटपर्यंत नाकारले. मध्यंतरी दोनदा प्रकृतीच्या कारणाने जामीन मिळाला, पण ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या न्यायालयाने त्यांच्यासह पाच जणांना जन्मठेप आणि विजय तिरकी यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. आरोपी ९० टक्के अपंग आहे म्हणून दया दाखवण्याचे कारण नाही, कारण तो मनाने सुदृढ आहे, असे निकालपत्रात म्हटले गेले.

पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तनाच्या तारखेलाच, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना मुक्त केले. युएपीएखाली खटला चालवण्यापूर्वी सरकारची कायदेशीर मंजुरी लागते. साईबाबांवर आरोप निश्चित झाले, तेव्हा ती मंजुरी आलेलीच नव्हती! इतरांच्या बाबतीत मंजुरी होती, पण ती देण्यापूर्वी कायद्याला हवी तशी छाननी झालेली नव्हती. सुटकेचा हा आनंद एक दिवसही टिकला नाही. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाचे खास खंडपीठ बसले आणि निकाल स्थगित झाला. अपंगत्व पाहून निदान घरी नजरकैदेत ठेवा, ही विनंतीही मान्य झाली नाही. दहशतवादी किंवा माओवादी कारवायांत मेंदू हाच अधिक धोकादायक असतो, अशा आशयाचे उद्गार त्या दिवशी न्यायासनावरून निघाले. १९ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे पाठवले.

तेथे दुसऱ्या खंडपीठाने, न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझेस यांनी, सारे प्रकरण नव्याने ऐकले आणि ५ मार्च २०२४ रोजी सर्वांना पुन्हा निर्दोष ठरवले. या वेळी केवळ मंजुरीचा मुद्दा नव्हता. जप्ती विश्वासार्ह रीतीने सिद्ध झाली नाही, संगणकातील पुरावा कायद्याप्रमाणे सिद्ध झाला नाही, असे न्यायालयाने म्हटले. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील घराची झडती घेताना शिकलेले साक्षीदार सहज मिळण्यासारखे होते, तरी पंच म्हणून निरक्षर माणूस घेतला गेला, यावरही बोट ठेवले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या विचारसरणीचे साहित्य इंटरनेटवरून उतरवून घेणे वा जवळ बाळगणे एवढ्याने गुन्हा होत नाही, हे स्पष्ट केले. राज्य सरकार पुन्हा सर्वोच्च न्यायालयात धावले. ११ मार्च २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने हा निकाल प्रथमदर्शनी सुसंगत कारणांनी दिलेला आहे असे सांगून स्थगिती नाकारली. दोन वेगवेगळी खंडपीठे, दोन निकाल, दोन्ही वेळा निर्दोष! मग या माणसाची गेलेली वर्षे कोण परत देणार?

कारागृहात त्यांचा आजार वाढत गेला. अटकेच्या वेळी ओढाताण झाल्याने डाव्या हातातील बळ गेले, असे ते सांगत. पाय आधीच गेलेले, आता हातही. १ ऑगस्ट २०२० रोजी त्यांच्या आईचे निधन झाले. कर्करोगाने आजारी असलेल्या आईला अखेरचे पाहण्यासाठी पॅरोल मिळाला नाही, अंत्यसंस्कारालाही जाऊ दिले गेले नाही. त्याच वर्षी पत्रे, पुस्तके आणि औषधे मिळावीत म्हणून त्यांना उपोषणाचा इशारा द्यावा लागला. २०२१ च्या मार्चअखेर महाविद्यालयाने त्यांची नोकरीच संपवली. अशा स्थितीतही ते लिहीत राहिले. तुरुंगातून लिहिलेल्या त्यांच्या कवितांचे आणि पत्रांचे पुस्तक २०२२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. मेंदू धोकादायक असतो म्हणतात ते असे!

आणि पांडू? मुरेवाड्याच्या पांडू नरोटेकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, की जगभर सह्यांच्या मोहिमा चालवणारे मित्र नव्हते. साईबाबांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी आवाज उठवला. तो उठवायलाच हवा होता. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये पांडू नागपूरच्या कारागृहात तापाने फणफणला, तेव्हा त्याच्या जंगलातल्या घरून कोण धावून येणार? २५ ऑगस्ट २०२२ रोजी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्वाइन फ्लूने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ३३. त्यानंतर बरोबर ५० दिवसांनी उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. मेलेल्या माणसाला निकालाची प्रत कशी द्यायची, याचे उत्तर कोणत्याच कायद्यात नाही.

साईबाबांनी मात्र पांडूला विसरू दिले नाही. सुटका झाल्यावर त्यांना स्वतःच्या यातनांविषयी सांगण्यासारखे थोडे नव्हते. तरीही पत्रकारांपुढे ते पांडूच्या मृत्यूविषयी कळवळून बोलले. तुरुंगात खितपत पडलेल्या, भाषा न समजणाऱ्या, वकील न मिळणाऱ्या आदिवासी कैद्यांविषयी बोलले. खरा प्राध्यापक वर्गातल्या पहिल्या बाकापेक्षा शेवटच्या बाकाकडे अधिक पाहतो. साईबाबांची नजर तुरुंगातही शेवटच्या बाकावरच होती.

येथे चळवळीतील काही मंडळींचा प्रश्न आम्हाला ऐकू येतो. ते म्हणतील, बंदुकीच्या मार्गाशी आंबेडकरी माणसाचे काय देणेघेणे? प्रश्न योग्य आहे आणि उत्तरही स्पष्ट दिले पाहिजे. आमचा मार्ग तथागताचा आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करून हिंसेचा मार्ग का नाकारायचा, हे जगाला समजावून सांगितले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. ते जवानही गरिबाघरचीच लेकरे होती. पोलिसांचा खबरी म्हणून गडचिरोलीत किती आदिवासींना नक्षलवाद्यांनी ठार केले, हेही हा जिल्हा जाणतो. या रक्तपाताचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही.

पण बंदुकीला नकार देणे वेगळे आणि निर्दोष माणसाच्या कैदेकडे पाठ फिरवणे वेगळे. बंदुकीला आमचे उत्तर संविधान हे आहे. ते संविधानच जर जंगलातल्या माणसाला तुरुंगाच्या दाराबाहेर ठेवावे लागत असेल, तर आमच्या मार्गाची महती आम्ही त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? १९३४ साली प्रा. र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील लेखनाबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी आधीच सुटली होती. अशा एकाकी प्राध्यापकाचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. तो खटला कर्वे हरले. पण बाबासाहेबांनी काळा कोट चढवताना लोक काय म्हणतील याचा हिशोब केला नव्हता. नागपूरचे आंबेडकरी वकील ॲड. सुरेंद्र गडलिंग यांनी साईबाबांचा खटला लढवला तो याच परंपरेतून. ६ जून २०१८ रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात गडलिंग यांनाच अटक झाली. त्याच दिवशी नागपूर विद्यापीठातील इंग्रजीच्या प्राध्यापिका शोमा सेन यांनाही अटक झाली. त्यांना जामीन मिळायला एप्रिल २०२४ उजाडला. वकिलाच्या आणि प्राध्यापकाच्या हातात बेड्या पडू लागल्या, की गरिबाने कोणाकडे पाहायचे?

सुटकेनंतर साईबाबांची एकच मोठी इच्छा होती. पुन्हा वर्गात जाण्याची. आपण जन्मभर शिक्षक आहोत, शिकवल्याशिवाय आपल्याला जगता येणार नाही, असे ते सांगत होते. न्यायालयाने डाग पुसला, पण नोकरी परत मिळाली नाही. जगात असे पूर्वीही घडले आहे. केनियाचे थोर लेखक न्गूगी वा थिओंगो हे नैरोबी विद्यापीठात प्राध्यापक होते. शेतकरी-कामगारांच्या गिकुयू भाषेत नाटक केले म्हणून १९७७ च्या अखेरीस त्यांना विनाखटला तुरुंगात टाकले आणि वर्षभराने सुटल्यावर विद्यापीठाने पुन्हा दारात उभे केले नाही. न्गूगींना निदान परदेशातील विद्यापीठांत शिकवता आले. साईबाबांना तेवढाही अवधी मिळाला नाही.

त्यांचे डोळे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र रुग्णालयाला दान करण्यात आले. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचा देह गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्वाधीन झाला. ज्याला जिवंतपणी वर्गाचे दार उघडले नाही, तो प्राध्यापक मरणानंतर विद्यार्थ्यांपुढे गेला! न जातीची चिता, न कर्मकांड. याहून मोठे विज्ञाननिष्ठ अध्यापन ते कोणते?

मग त्यांचे स्मारक कसे करायचे? पुतळा नको, चौकाला नावही नको. चंद्रपूर ही ती भूमी आहे जेथे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. त्याच दीक्षाभूमीवर आज बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे. २०११ पासून दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ आहे. या महाविद्यालयांत शिकवणारे आपले कितीतरी प्राध्यापक आहेत, वकिली शिकणारी आपली कितीतरी मुले-मुली आहेत. बाबासाहेब स्वतः १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पुढे विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि हे सारे करीत असताना त्यांनी मूकनायकही चालवला, न्यायालयेही गाजवली. पगार घेऊन घरी बसणारी प्राध्यापकी त्यांना मान्य नव्हती.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला आणि कोठडीतील प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज केला तरी चालतो. आरोपीला न्यायालयाची भाषा कळत नसेल, तर साक्षीपुरावा त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगितला पाहिजे, असे फौजदारी प्रक्रियेचा कायदा सांगतो. ही गोष्ट एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, धानोरा, कोरचीच्या किती गावांत माहीत आहे? माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी दुभाषी म्हणून पुढे यावे. विधीच्या विद्यार्थ्यांनी जामीन होऊनही हमीदार नसल्याने आत राहिलेल्यांची यादी करावी. प्राध्यापकांनी सुट्टीचा एक दिवस त्यांच्यासोबत घालवावा. बुद्धविहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास कायद्याच्या वाचनाला द्यावा. एवढे झाले, तरी पुढचा पांडू नरोटे एकटा पडणार नाही.

प्रा. साईबाबांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याला विचार करणारा मेंदू हा गुन्हा ठरवला जाणे परवडणारे नाही. मुरेवाड्याच्या शेतापासून दिल्लीच्या वर्गापर्यंत पसरलेल्या या खटल्याने दोन घरांतले दोन कर्ते पुरुष नेले. दोघेही निर्दोष होते, हे न्यायालयाने सांगितले आहे. आता ते समाजाने सांगायचे आहे, मोठ्याने आणि दोन्ही नावे घेऊन.

प्रा. जी. एन. साईबाबा आणि पांडू नरोटे यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

जयभीम!